सरपंचाची लोकर

बुधवारी संध्याकाळी बंकट बाजारातून परतला, तेव्हा त्याचा सरपंच माळावर उघडानागडा उभा होता आणि त्याच्या आसपास एकही मेंढरू फिरकत नव्हतं.

सरपंच म्हणजे एडका. पाटोद्याजवळच्या माळावर बंकट धनगराची सव्वाशे मेंढरं, सगळी काळी, आणि त्यांच्या पुढं चालणारा हा एकटा पांढरा. तो कधी ओरडत नसे, कुणाला शिंग मारत नसे. नुसता चालू लागे आणि सगळा कळप मुकाट त्याच्या मागं. म्हणून सरपंच! बिरोबाला सोडलेला, त्यामुळं तीन वर्षं त्याच्या अंगाला कातर लागली नव्हती आणि लोकर पार गुडघ्यांपर्यंत लोंबत होती. आता देवाच्या लोकरीला हात लावायची हिंमत घरात कोण करणार? बंकटला विचार करावा लागला नाही. घरात कॉलेजात जाणारं एकच माणूस होतं, त्याची मुलगी रोहिणी.

झालं होतं ते असं. रोहिणीला जपानी मांगाचं, म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींचं वेड. फोनवर वाचायची. त्यातली एक तिच्या मनात घर करून बसली होती. पांढऱ्या केसांची एक बाई डोंगरातल्या गावांवरून चालत जाते. ती बोलत नाही, मागं वळून बघत नाही. ती गेली की गावातली माणसं चुलीवरचं तसंच सोडून उठतात आणि मुकाट तिच्या मागं चालू लागतात. कुठं जातात, ते शेवटच्या पानावरही कळत नाही. या गोष्टीवरून तिला जिवंत माणसांचा छोटा सिनेमा करून संभाजीनगरच्या एका स्पर्धेला पाठवायचा होता. पहिल्या तिघांना सिनेमाच्या कोर्सला थेट प्रवेश होता आणि शेवटची तारीख होती शुक्रवार. रोहिणीनं त्या प्रवेशासाठी दोन महिने जिवाचं रान केलं होतं.

पण चित्रातली भीती माणसांत उतरेल तर शपथ! तिनं सगळी भावकी माळावर गोळा केली, मुकाट चाला म्हणून हातापाया पडली. दहा पावलं झाली नाहीत तोच मागून आवाज आला, "आगं, मटकीला मोड आले का तुझ्या?" दुसऱ्या खेपेला चुलत्यानं कॅमेऱ्याला रामराम घातला. तिसऱ्या खेपेला सगळे खो खो हसले.

"रोहे, आपल्या लोकांला मरायचं भ्याव न्हाई," फोन धरणारी तिची मैत्रीण अंजू म्हणाली, "पर गप बसायचं लई भ्याव हाय."

अंजू सायन्सला होती. तिचा देवावर विश्वास नव्हता, भुतावर नव्हता, फोनवर मात्र होता. जेवतानाही तो डाव्या हातात असायचा.

त्यात त्या बाईच्या पांढऱ्या केसांचा घोळ. कापसाचे केस म्हातारीच्या सोंगासारखे दिसायचे आणि सुतळीचे तर डोक्यावर केरसुणी बांधल्यागत. बुधवारी बंकट बाजाराला गेला आणि रोहिणीची नजर सरपंचावर पडली. लोकर काय, पुन्हा येईल, असं तिनं स्वतःला समजावलं. ती कातर चालवत होती तोवर सरपंच जागचा हलला नाही. मान वळवून नुसता तिच्याकडं बघत राहिला आणि शेवटचा झुपका गळाला तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. अंजूच्या अंगावर सर्रकन काटा आला. "वारं सुटलंय," ती म्हणाली. माळावर गवताचं पातंही हलत नव्हतं.

दोघींनी जुन्या लुगड्याच्या फडक्यावर झुपके शिवून टोप केला. रोहिणीनं बापाचं धोतर जपानी झग्यासारखं गुंडाळलं, टोप चढवला आणि रणरणत्या उन्हात चालू लागली. पलीकडं सावलीला मेंढरं बें बें करत होती. तो आवाज एकदम थांबला.

"रोहे," समोर फोन धरून उलटी चालणारी अंजू हळूच म्हणाली, "मागं बघू नको."

"कावून?"

"बघू नको म्हनलं ना!"

रोहिणीला मागून फक्त खुरांचा आवाज येत होता, कुणी असंख्य बोटांनी जमीन चाचपत यावं तसा. ती थांबली की आवाज थांबायचा. ती चालली की आवाज चालायचा. शेवटी न राहवून तिनं मान वळवली. सव्वाशे काळी तोंडं तिच्याकडं एकटक बघत होती आणि त्यातलं एकही रवंथ करत नव्हतं. मग टोपाखाली माणसाचं तोंड दिसलं तसा कळप बिथरला आणि चौफेर उधळला.

"वास," अंजू म्हणाली. "त्यांला सरपंचाचा वास येतोय. बाकी काय न्हाई."

संध्याकाळी हे सगळं कळल्यावर बंकटनं कपाळावर हात मारला आणि रोहिणीच्या आईनं, साखराबाईनं, तिच्या पाठीत धपाटा घातला. "देवाची लोकर कापलीस, भवाने! आता बिरोबा काय करंल त्ये बघ!"

"बिरोबाचं मागनं बघू," बंकट म्हणाला. "उद्या बद्रीनाथ अण्णाच्या वावरात मेंढरं बसवायचीत. न्हाई पोचलो तर अण्णा दुसऱ्याची बसवील. हितं तर चाऱ्याची काडी न्हाई."

बद्रीनाथाचं शेत आष्टीच्या वाटेवर, दिवसभराच्या चालीवर होतं. मेंढरं शेतात बसली की त्याला लेंडीखत मिळायचं आणि बंकटला धान्य नि चारा. सकाळी बंकटनं नागड्या सरपंचाला पुढं घातलं. मेंढरांनी त्याला ओळखच दाखवली नाही, उलट कुत्रं त्याच्यावर भुंकलं. टोप त्याच्या पाठीवर बांधला, तर त्यानं झटकून पाडला. मग बंकटनं पटका काढून टोप स्वतःच्याच डोक्यावर घातला. "हुर्र! उठा, मुडद्यांनो!" उभी असलेली मेंढरंही खाली बसली.

"आबा, सरपंच बोलत नव्हता," रोहिणी म्हणाली.

"मग मी काय बोलतोय का?" बंकट ओरडला.

शेवटी टोप रोहिणीच्या डोक्यावर आला. बोलायचं नाही आणि मागं बघायचं नाही. मांगातले दोन्ही नियम आता तिलाच लागू झाले होते आणि तिला खरंच भीती वाटत होती. अंजू कळपाच्या मागून शूट करत निघाली. आईबाप घोड्यावर बिऱ्हाड लादून बरेच लांबून येत होते, कारण बंकटचा आवाज आला की मेंढरं बसत.

भर दुपारी पहिली वस्ती लागली. छबुबाई अंगणात डाळ वाळत घालत होती. तिनं वर बघितलं तर उन्हाच्या झळांतून पांढऱ्या केसांची एक बाई येतेय, मागं काळा कळप, आणि कशाचाच आवाज नाही. वस्तीवरची कुत्री खाटेखाली शिरली. छबुबाई धावत नारळ घेऊन आली.

"माय, कोन गावची तू? काय चुकलं का आमचं?"

रोहिणी तशीच पुढं चालत राहिली.

"बोलत न्हाई ती," छबुबाई शेजारणीला कुजबुजली. "आगं, देवी कवा बोलती का?"

बातमी फोनवरून वाटेच्या पुढं पळाली. पुढच्या वाडीत दुकानांची शटरं खाली आली आणि एक मोटरसायकलवाला आल्या वाटेनं परत गेला. त्याच्या पुढच्या गावात लोकांनी रस्ता पाण्यानं धुऊन कडब्याच्या पेंढ्या ठेवल्या. मागून येणारी साखराबाई नारळ पोत्यात भरत होती. "बिरोबानं माफ केलं म्हनायचं," ती म्हणाली.

उन्हं कलली तसा रोहिणीला मागचा आवाज बदललेला वाटला. खुरांच्या पलीकडं आणखी काहीतरी चालत होतं. जड पावलं. मधेच बांगड्यांची किणकिण. आबा असतील म्हणावं, तर आबा इतका वेळ गप्प राहणं शक्यच नव्हतं. ती थांबली. सगळं थांबलं. तिला रडू यायला लागलं, पण मागं न बघता ती तशीच चालत राहिली.

मावळतीला बद्रीनाथाचं शेत आलं. तो बांधावर हात जोडून उभा होता. "माय, किती बी दिस बसा. वावर तुमचंच हाय."

रोहिणीनं टोप काढला. तशी मेंढरं बें बें करत शेतात पांगली आणि तिनं मागं वळून बघितलं.

तीन गावची माणसं उभी होती, दीडदोनशे तरी. बायका डोईवर पदर घेऊन, पुरुष टोप्या काढून, सगळे अनवाणी. लाल उजेडात कुणी हूं की चूं करत नव्हतं. दोन महिने ज्या दृश्यासाठी तिनं लोकांचे पाय धरले, ते तिच्यापुढं जसंच्या तसं उभं होतं, चित्रापेक्षाही भारी!

"आवो, मी रोहिणी!" तिनं टोप उंच धरला. "बंकटची रोहिणी. ही लोकर हाय एडक्याची!"

मेंढरांना ते कधीच कळलं होतं. माणसांतलं कुणी हललं नाही.

"व्हय माय, तुमी म्हनाल ती," छबुबाई म्हणाली. "आता म्होरं कुठं चलायचं?"

तिच्या शेजारी चपला काखेत मारून, हात जोडून अंजू उभी होती.

"अंजे! शूट केलंस ना?"

"असल्या टायमाला कुनी फोन काढतं का, रोहे?" अंजू म्हणाली आणि घाईघाईनं तिनं जोडलं, "म्हंजे, माय."

रोहिणीनं आभाळाकडं बघितलं. अजून थोडा उजेड शिल्लक होता आणि उद्या शेवटची तारीख होती. तिनं टोप पुन्हा चढवला आणि पाठ फिरवली. शेतातली बें बें एकदम थांबली.

"फोन काढ," ती मागं न बघता म्हणाली आणि चालू लागली.

"आगं पोरी, मेंढरं!" लांबून बंकटची आरोळी आली. "अण्णाच्या वावरात बसवायचीत!"

पण मेंढरं उठली होती, माणसं निघाली होती, आणि जोडलेले हात तसेच ठेवून बद्रीनाथ अण्णाही बांधावरून उतरून त्यांच्या मागं चालू लागला होता. कुठं जायचं, ते रोहिणीलाही माहीत नव्हतं.