इरण्णा नाईक यांनीं गवत राखिलें, त्याची हकीकत

श्री. जिचे उदरीं राव आणि रंक एके पंगतीस निजतात त्या भूमातेस दंडवत घालून, आणि श्रोतयांनीं मनांत थोडी शंका धरूनच ऐकावें ऐसी विनंती करून, हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशें अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, आश्विन मास. एका राज्याचे दक्षिण वेशीबाहेर जुनी दफनभूमी होती. राज्याचें नांव लिहावें तर तेथील मुत्सद्दी अब्रूचे दावे लावितात, सबब लिहिलें नाहीं. त्या भूमीचे रखवालीस पालिका दरबारचे चाकर राजश्री इरण्णा नाईक होते. अंगीं खाकी, हातीं काठी, आणि मनीं संशय अष्टौप्रहर. दूधवाल्यानें वाटेंत "बरं हाय न्हवं?" पुसिलें तर हा आजच कां पुसतो म्हणोन नाईक दिवसभर विचार करीत, आणि दुसरे दिवशीं दुसरे गल्लीनें जात. त्या भूमीकडे सरकारानें पिढ्यानपिढ्या पाहिलें नव्हतें. भिंत पडली ती पडलीच राहिली, नळ आटला तो आटलाच राहिला, गवत कमरेस लागलें, आणि नाईक याजमुळें बहुत संतुष्ट होते.

कारण कीं त्या गवतांत एक गुह्य होतें. ज्यांची ऐपत, त्यांनीं आपले माणसावर दगडी चौथरा बांधिला आणि नांव कोरिलें; आणि ज्यांस दगड झेपेना, त्यांनीं उशाशीं एक रोप लाविलें, आणि तेंहि मेलेल्याचे आवडीचें लाविलें. कोणाचे उशास कोरफड, कोणाचे सदाफुली, कोणाचे ओवा. रोप हीच पाटी. कोणाचें रोप कोणतें तें घरच्यांस ठावें आणि नाईकांस ठावें. परक्यास सारें रानच दिसे. नाईकांची स्त्री शांतव्वा तेथेंच निजली होती. तिचे उशास अबोली, कारण बाई जितेपणीं अबोलीचे वेणीवांचून उंबरा ओलांडीत नसे. परंतु ही जागा तिची, हें नाईकांनीं कोणास सांगितलें नव्हतें. लोकांस आपलें मर्म कळलें म्हणजे लोक तें वापरितात, ऐसें त्यांचें मत. याजकरितां दुपारची भाकर ते दूर निंबाखालीं बसोन खात आणि तेथूनच अबोलीकडे बघत, आणि पाणी घालणें तर आधीं इकडचे तिकडचे रोपांस घालीत आणि मग सहज घातल्यासारखें अबोलीस घालीत. बायकोवर एवढी माया, आणि ती चोरून करावी लागे. पण करणार काय, स्वभाव.

ऐसें चाललें असतां पालिकेचे तख्तावर नव्या मुख्याधिकारी आल्या. नांव गिरिजाबाई. आल्या आणि हुकूम जाहला कीं, जुनी दफनभूमी साफ करावी, गवत कापावें, भिंत उभारावी, चुना द्यावा. हुकूम ऐकतांच नाईकांचे मनांत पाल चुकचुकली. कारण पूर्वीं उत्तर वेशीस ऐसीच दुसरी दफनभूमी होती. तीस एके वर्षीं चुना जाहला, लोकांनीं वाहवा केली. मग दिवे लागले, लोकांनीं हार घातले. मग एक पाटी लागली. आणि मग तेथें वाहनतळ जाहला, तो आजतागाईत आहे. तेव्हांपासोन चुन्याचें घमेलें दिसलें कीं नाईकांस पुढें वाहनतळच दिसत असे. आतां दारांत चुन्याचीं पोतीं उतरलीं, आणि मग गवत कापावयाचीं यंत्रें घेऊन मुकादम दस्तगीर आले. नाईक फाटकांत आडवे उभे राहिले आणि बोलिले, "आत नाग हाय. जोडी हाय."

दस्तगीर हांसोन बोलिले, "नाईक, मागं हापिसात बी तुमी नागच सांगितला हुता, आन निघाली धामण."

"ती त्येची पाव्हणी हुती," नाईक बोलिले, आणि किल्ली सांपडत नाहीं म्हणाले, आणि किल्ली सांपडली तेव्हां आग्यामोहोळ दाखविलें, आणि ऐसा तो दिवस निभावून नेला.

मग सायंकाळीं गिरिजाबाई स्वतः आल्या. गाडी नाहीं, शिपाई नाहीं. फाटकापाशीं चपला काढिल्या आणि अनवाणी आंत आल्या. नाईकांनीं तें पाहिलें आणि मनीं म्हणाले, ही तयारीची दिसते. बाईंनीं नमस्कार केला आणि पुसिलें, "नाईककाका, इथं नीलव्वा म्हणून कुणी आहे का? माझी आजी. मी अगदी लहान होते तेव्हा तिला वेशीबाहेर आणलं, एवढं आठवतं. दगड घालायची ऐपत नव्हती. उशाशी काहीतरी लावलं होतं. काय ते आठवत नाही."

नीलव्वा कोठें, हें नाईकांस आपले तळहाताइतकें ठावें होतें. नीलव्वाचे उशास गवती चहा, आणि तिचे डावे हातास लगतच अबोली. परंतु त्यांनीं मनीं विचार केला कीं, कारभारी माणूस फुकट आजी पुसत नाहीं. आज आजी पुसते, उद्यां सातबारा पुसेल. आणि रोपांचें मर्म एकदां कळलें म्हणजे आधीं रोपेंच उपटितील, मग येथें कोणी निजलें होतें याचा पुरावाच उरणार नाहीं. ऐसें मनांत आणोन बोलिले, "न्हाई बाईसाहेब. त्या नावाचं कुनी न्हाई हितं. उत्तरंच्या येशीला आसंल."

बाईंनीं उत्तरेकडे पाहिलें. मग हळूच बोलिल्या, "तिथं तर गाड्या उभ्या असतात." आणि मग पदरानें तोंड पुसून बोलिल्या, "मग इथलं तरी नीट करू या. सगळं गवत काढा म्हणजे आत कोण कोण आहे ते दिसेल. दुसऱ्या कुणाची आजी हरवायला नको." आणि गेल्या. नाईकांनीं ताकास तूर लागूं दिली नाहीं म्हणोन स्वतःवरच खूष होऊन दोन घांस अधिक खाल्ले.

दुसरे दिवशीं सकाळींच नाईक आपले पेठेचे नगरसेवकाकडे फिर्याद घेऊन गेले, कीं चुन्याआड डाव आहे, तो थांबवावा. नगरसेवकांनीं मान डोलाविली, जांभई दिली आणि पाठविलें. नाईक परत आले तों यंत्रांचा आवाज वेशीपासोनच ऐकूं आला. आंत येतात तों अर्धी भूमी बोडकी. सदाफुली गेली, ओवा गेला, आणि मागून दंताळ्यांनीं सारें ओढून ढीग घातले. नाईक धांवत अबोलीकडे निघाले आणि मध्येंच उभे राहिले. कारण अबोली नव्हती. निंबाकडे पाहिलें, भिंतीकडे पाहिलें, पुन्हां निंबाकडे पाहिलें. जी जागा आजवर रोपावरून ओळखिली ती रोपावांचून ओळखूं येईना. इकडे सारी कापलेली जमीन, तिकडे उभें गवत, आणि गवती चहा त्या गवतांत गवतासारखाच. कोणास पुसावें? कोणास सांगितलें असतें तर कोणी दाखविलें असतें. नाईक जवळचे ढिगापाशीं बसोन अबोलीचीं पानें उपसूं लागले, आणि दस्तगीर "काय झालं, काय झालं" म्हणोन धांवले, तरी नाईक उपसणें सोडीनात. मागें यंत्र चालूंच होतें.

इतक्यांत वास आला. ओला, हिरवा, लिंबासारखा, पावसाळी दिवसांत स्वयंपाकघरांतून यावा तैसा. गिरिजाबाई भिंतीपाशीं गवंड्यांशीं बोलत होत्या, त्या बोलणें अर्धें टाकून ओरडल्या, "थांबवा! यंत्र थांबवा!" यंत्र थांबलें. बाई वासाचे मागें आल्या आणि अर्ध्या कापलेल्या ठोंबापाशीं गुडघे टेंकून बसल्या, आणि पातें चुरगाळून नाकाशीं धरिलें, आणि रडूं लागल्या. "आजी चहात हेच घालायची," बोलिल्या. "काका, हे कुणाचं?"

नाईक उठोन जवळ आले आणि ठोंब पाहिला. आतां कठीण प्रसंग. ठाऊक नाहीं म्हणावें तर गुह्य राखिलें जाईल, परंतु शांतव्वा जन्माची गेली. कारण नीलव्वा कोठें हें कबूल केल्यावांचून तिचे शेजारची कोठें, हें कोणे तोंडानें शोधावें? मग नाईक बोलिले, "तुमच्या आजीचं हाय. काल मी खोटं बोललो."

"का?"

"तुमी चुना घिऊन आला, बाईसाहेब."

बाईंनीं पातें मुठींत धरिलें. मग म्हणाल्या, "काका, काल घरी गेल्यापासून मी आजीला गाड्यांखाली बघत होते." हे शब्द नाईकांस काठीच्या माराहून अधिक लागले. ते ठोंबाचे डावे हातास सरकले आणि दोन्ही हातांनीं माती चांचपूं लागले, आणि चांचपतां चांचपतां कापलेलें खोड हातीं आलें, चिवट आणि अजून ओलें. तेव्हां सर्वांदेखत, दस्तगीर, गवंडी, बाईसाहेब, कोण मित्र कोण दुष्मन याचा हिशेब न करितां नाईक मोठ्यानें बोलिले, "ही माझी शांतव्वा." आणि मग धाय मोकलून रडले. बाई त्यांजपाशीं सरकून बसल्या.

मग हुकूम फिरला. यंत्रें परत गेलीं, विळे आले, आणि घरोघरीं निरोप गेला कीं आपापलीं रोपें दाखवावीं. लोक आले. कांहीं रोपें उरलीं होतीं, कांहींचीं मुळें सांपडलीं. ओव्याची जागा दोन घरांनीं वेगवेगळी दाखविली आणि तो तंटा अद्याप चालूं आहे. कोरफडीचे एक घर गांव सोडून गेलें होतें, त्यांची जागा नाईकांनीं दाखविली. आपले संशयापायीं इतरांचीं माणसें पुसलीं गेलीं, याची टोचणी नाईकांस राहिली, आणि ती त्यांनीं लपविली नाहीं.

सारांश येणेंप्रमाणें. भूमीस चुना जाहला, वाहनतळ जाहला नाहीं. गवती चहा महिन्याआंत वर आला. अबोलीनें बहुत वाट पाहावयास लाविलें, मग तिलाहि फूट आली. नाईक आतां निंबाखालीं बसत नाहींत. अबोलीशीं, चारचौघांदेखत, भाकर खातात. बाईसाहेब कधीं येतात, आजीपाशीं बसतात आणि थर्मासांतून दोन पेल्यांत चहा ओतितात. नाईक पेला हातीं घेतात, आणि आधीं बाईसाहेबांस पिऊं देतात. मग आपण पितात. लेखनावधि.