कपाटातले आयवे

साकार्या नदीकाठच्या आमच्या गावात घरच्या बागेत आयव्याचं, त्या पेरासारख्या घमघमत्या फळाचं, झाड वाढवावं ते फक्त मीच! खत, छाटणी, पाणी, सगळं माझ्या हातचं. बरीच वर्षं ते नुसती पानं दाखवत राहिलं. यंदा मात्र असं लगडलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. मी चहाच्या दुकानात छाती फुगवून सांगितलं, या, बघून जा. अख्खं गाव आलं. कोळसेवाला झेकाई तर ती पिवळीधमक फळं बघून इतका खूश झाला की त्याने लगेच दुप्पट कोळसा मागवला.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आयवे फार आले की हिवाळा कडक, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि माझ्या मुलीचं, नेर्मिनचं, लग्न ऐन डिसेंबरात! नवरा मुलगा वर डोंगरातल्या गावचा. बर्फ पडला की तिकडचा रस्ता बंद. लग्न आधीच दोनदा पुढे गेलेलं. नेर्मिनने बजावलं होतं, "बाबा, आता पुन्हा ढकललंत तर मी पळून जाईन. त्याच्याबरोबरच, पण जाईन."

त्यातच निरोप आला, की मुलाची आजी, हाजेर आजी, शुक्रवारी झाड बघायला येतेय. त्या घरात तारीख आजी ठरवते, आणि आजीचा विश्वास रेडिओवर नाही, आयव्यांवर.

"मारा अजून बढाया," माझी बायको मुनव्वर म्हणाली.

माझा जीव थाऱ्यावर राहीना. बसलो की उठत होतो, उठलो की झाडाभोवती घिरट्या घालत होतो. शेवटी गुरुवारी शिडी लावली आणि मोजकी फळं ठेवून बाकी झाड ओरबाडलं. रडूच यायचं बाकी होतं! आयवे दिवाणाखाली, कपाटात, गाद्यांमागे, धुण्याच्या मशीनमध्येसुद्धा कोंबले.

आजी आली. झाड बघून म्हणाली, हिवाळा हलका दिसतोय. मी आदराने तिचा हात माझ्या कपाळाला लावला आणि तिला चहाला आत नेलं. तिथेच फसलो. आयवा लपवता येतो, त्याचा वास कसा लपवणार? घर नुसतं घमघमत होतं.

आजीने पेला खाली ठेवला. "नेशेत, झाड बाहेर आणि वास आत?"

"मुनव्वर स्वयंपाकघरात मुरंबा करतेय, आजी."

मुनव्वर चहाचा ट्रे घेऊन समोरच उभी होती.

आजी उठली आणि तिने कपाट उघडलं. धबाधबा आयवे तिच्या पायांशी! दारात नेर्मिनचा चेहरा रडवेला झाला.

आजीने वाकून एक आयवा उचलला. मग म्हणाली, "एवढा हिवाळा येणार, आणि तू मला गाफील ठेवत होतास? डिसेंबर विसरा. पुढच्या शनिवारी लग्न. रस्ता बंद व्हायच्या आत."

नेर्मिन तिच्या गळ्यात पडली. मी बोटांवर हिशेब करू लागलो. ना मंडप, ना ढोलवाला, ना माझे धड बूट! गोडाचा प्रश्न तेवढा सुटला होता. लग्नात प्रत्येक ताटलीत साखरेत शिजून लाल झालेला आयवा आणि वर घट्ट साय. पोरगी हसत सासरी गेली आणि मी एकटाच मुळूमुळू रडलो.

त्या हिवाळ्यात बर्फाचा कण पडला नाही. मी आजीला टोमणा मारायला गेलो, तर ती म्हणते, "पडेल कसा? तू वेळेवर आयवे उतरवलेस ना."

गावाने तेच धरून ठेवलं. आता थंडीची चाहूल लागली की लोक पोती घेऊन माझ्या दारात हजर, नेशेतभाऊ, झाड रिकामं करा म्हणून. झेकाई तेवढा माझ्याशी बोलत नाही. त्याचा कोळसा अजून तसाच पडून आहे.