केशवभाऊंचा वर्ग

भात करपल्याचा वास आला, की मला केशवभाऊंची डावी भुवई आठवते. द्वितीयेच्या चंद्रासारखी कोरलेली. उजवी मात्र बांधावरच्या गवतासारखी, मनाला येईल तशी वाढलेली.

मूल या गावात केशवभाऊ आमचे शेजारी. त्यांची लेक सुमी तिशी ओलांडलेली. मनाने मात्र अजून अंगणातच खेळणारी. तिची आई गेल्यापासून मोठ्यांसाठी कोठेही शिक्षणवर्ग निघाला, की केशवभाऊ तेथे हजर. सुमीला धाडण्याआधी ते स्वतः बसून पाहत. "पहिले मी चाखतो, मंग पोरीले देतो." ब्यूटी पार्लरच्या वर्गात त्यांनी नमुन्यादाखल आपलाच चेहरा पुढे केला आणि एक भुवई होताच उठून आले.

"काऊन उठलात, भाऊ?" मी विचारले.

"सुमी तं दोरा दातात धरूनच झोपून जाईन. नापास!"

केकच्या वर्गातून ते मिशीला क्रीम लावून परतले. "धानाच्या मुलखात केक शिकवून राह्यले, बाई! माझ्या माघारी पोरगी वाढदिवसावर जगन काय? नापास!" संगणकाच्या वर्गात त्यांनी विचारले, "याच्यात भात शिजते काय?" मास्तर हसले. मास्तरही नापास.

त्यांचे मागणे एवढेच होते: आपल्यानंतर सुमीने स्वतःच्या हाताने भात रांधून खावा. तसा वर्ग कोणीच काढीना. शेवटी त्यांनीच तो अंगणात काढला. दोन चुली, भात शिजवायचे दोन गंज, आणि दुसरी विद्यार्थिनी म्हणून मी.

"भाऊ, मला येतो की भात!"

"थेच विसरा." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "शाळेत सुमी कायम शेवटली राह्यली, बाई. आता तिच्या मागे कोणी तरी पायजे."

मग धान कापून घरात येईपर्यंत मी निष्ठेने भात करपवला. सुमीचाही करपे, गंज चुलीवर ठेवून ती साळुंकीमागे निघून जाई. केशवभाऊ दोघींना रागावत, मला जरा जास्तच. "एवढी शिकलेली बाई, अन् आधणाचं पाणी समजत नाई!" हे ऐकून सुमी खुदकन हसे, आणि केशवभाऊंची ती कोरलेली, आता अर्धवट वाढलेली भुवई आनंदाने वर चढे.

एका सकाळी साळुंकी ओरडून ओरडून उडून गेली, तरी सुमी चुलीपासून हलली नाही. तिने शीत चिमटीत दाबून पाहिले, गंज उतरवला, जास्तीची पेज पसवून काढली. वाफेला नव्या तांदळाचा ओला, गोडसर गंध होता. केशवभाऊंनी घास घेतला. मग दुसरा. ते नुसताच कोरडा भात ताट चाटूनपुसून जेवत राहिले.

सुमीने क्षणभर निकालाची वाट पाहिली. मग ती माझ्या चुलीशी आली, माझा काळा भात चिमूटभर चाखला, कपाळाला आठी घातली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी बापाच्या थाटात म्हणाली,

"नापास."