तिसरा टप्पा

मानसशास्त्राच्या पहिल्या तासाला सर मानसशास्त्र शिकवत नसत, नियम वाचत. वर्गाचं दार घंटेबरोबर बंद होईल आणि मग ते कुणाच्या बापासाठीही उघडणार नाही. काम उशिरा आलं तर परत जाईल. पोटदुखी हे कारण धरलं जाणार नाही, कारण पोट परीक्षेच्या दिवशीच दुखतं असं सरांचं अनेक वर्षांचं निरीक्षण होतं. आजीचं निधन एका सत्रात एकदाच मान्य होईल. यावर मागच्या बाकावरून कुणीतरी, "सर, आज्या दोन असतात," असं म्हणालं, तेव्हा सरांनी तिथल्या तिथे पोटनियम करून टाकला. दुसऱ्या तुकडीच्या मॅडमही हेच नियम वाचत. पण त्या वाचताना हसत, त्यामुळे नियमांचा धाक राहत नाही, असं सरांना वाटे.

सरांची मुलगी या दुसऱ्या तुकडीत होती. आपल्या वर्गात नातेवाईक नको, हाही सरांचाच नियम. कॉलेजात तिने त्यांना 'सर' म्हणायचं. सुरुवातीला एकदा जिन्यात ती चुकून "बाबा" म्हणाली, तेव्हा सर ऐकू न आल्यासारखे तीन-चार पायऱ्या पुढे गेले. घरी आल्यावर त्यांना ते लागून राहिलं होतं, पण त्यावर काही बोलायचं म्हणजे नियमाला फाटे फोडणं झालं असतं. तसंही ती घरी त्यांच्याशी फारसं बोलत नसे. तिने तोंड उघडलं, की सर तिचं वाक्य अर्ध्यावर ताब्यात घेत आणि त्यावर मुद्देसूद बोलत. मग ती "बरं" म्हणे आणि आत जाई.

या अभ्यासक्रमाचा मानाचा तुरा म्हणजे घरचा प्रयोग. घरातली एक व्यक्ती निवडायची आणि तिची एक सवय बदलायची. पहिल्या टप्प्यात नुसतं पाहायचं. दुसऱ्या टप्प्यात ती व्यक्ती नीट वागली की बक्षीस द्यायचं, गोड बोलायचं, जवळ बसायचं. तिसऱ्या टप्प्यात बक्षीस बंद करायचं आणि जुनी सवय परत उलटते का ते पाहायचं. त्या व्यक्तीला सुगावा लागता कामा नये. लागला तर प्रयोग रद्द आणि गुण शून्य, अपवाद नाही. 'अपवाद नाही' या शब्दांखाली सरांनी रेघ मारली होती.

सत्र निम्मं सरलं आणि एका संध्याकाळी मुलगी चहाचा कप घेऊन सरांच्या समोर येऊन बसली. आपणहून बसली. वर्गातल्या एका गमतीबद्दल ती सांगायला लागली. सर नेमके चष्मा पुसत होते, त्यामुळे मधे बोलायचं राहून गेलं आणि गंमत शेवटपर्यंत पोचली. सर हसले. तिने आणखी एक सांगितली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. पुढे रोजच यायला लागली. सरांना एवढं बरं वाटलं, की त्यांनी वर्गात घंटेनंतर आलेल्या एका मुलीला आत घेतलं, आणि वर्ग घाबरला.

"हल्ली मुलगी रोज माझ्यापाशी बसते," त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलं.

मॅडमनी वर पाहिलं. "अरे वा! कधीपासून?"

"झाले काही दिवस. मी गप्प राहिलो की तासभर बोलते. मधे बोललो, की उठून..."

सरांचं वाक्य या वेळी त्यांचं त्यांनीच अर्ध्यावर तोडलं. गप्प राहिलो की बसते, बोललो की उठते. हे ते वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते, बाण वगैरे दाखवून. सरांचे कान लाल झाले. कपातला चहा गार होईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.

म्हणजे पोरगी आपल्यावर प्रयोग करतेय!

आधी त्यांना राग आला, मग विषय पक्का समजलाय म्हणून अभिमान वाटला, आणि त्यानंतर जे वाटलं त्याला त्यांच्या पाठ्यपुस्तकात नाव नव्हतं. त्या सगळ्या गमती म्हणजे बक्षीस होतं तर. पण मग नियम आठवला आणि सरांना घाम फुटला. सुगावा लागला होता. आता हे तिला कळलं, तर शून्य. त्यांच्याच रेघेसकट.

सरांनी ठरवलं, की आपल्याला काहीच कळलेलं नाही. त्या संध्याकाळपासून ते नेटाने गप्प बसू लागले. तिने काहीही सांगितलं तरी नाही म्हणजे नाही बोलायचे. एकदा ती एका प्रसिद्ध सिद्धांताचा चक्क उलटा अर्थ सांगत होती, तेव्हा सरांनी खुर्चीचा हात धरून ठेवला. निष्कर्ष कसे स्वच्छ यायला हवेत! बायकोने विचारलं, "अहो, दात दुखतायत का?"

"नाही. ऐकतोय."

"तुम्ही?" असं म्हणून ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

मग सत्राचा शेवट जवळ आला आणि मुलगी यायची बंद झाली. एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली. ती खोलीत दार लावून बसे. सरांनी ओळखलं, की तिसरा टप्पा लागला. बक्षीस बंद. बाप म्हणून त्यांना फार वाईट वाटलं. पण मानसशास्त्राचे सर म्हणून त्यांना आपलं कर्तव्य ठाऊक होतं. जुनी सवय आता उलटायला हवी होती. ती उलटली नाही तर आलेख बिघडेल, आलेख बिघडला तर मुलीचे गुण जातील.

दोन-तीन दिवसांनी ती बाहेर आली. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "बाबा, एक विचारायचं होतं. पुढच्या वर्षी मी..."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी!" सर कडाडले. स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना कसंसंच झालं, पण आता माघार नव्हती. "मुळात तुमच्या पिढीचा प्रश्न काय आहे, तर वेळेचं नियोजन. यात तीन मुद्दे येतात."

"बाबा, ऐका ना, मला फक्त..."

"मुद्दा पहिला!"

तिन्ही मुद्दे त्यांनी पोटमुद्द्यांसह संपवले. एवढं वाईट ते खरोखर मधे बोलायचे त्या दिवसांतही बोलले नव्हते. मुलगी "बरं" म्हणाली आणि आत गेली. सर खुर्चीत टेकले. मन खात होतं, पण आलेख झकास येणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

मुलांनी वर्गापुढे प्रयोग सांगायचे होते, त्या दिवशी मॅडमचा घसा बसला. गुण त्या देणार होत्या, प्रश्न विचारायला त्यांनी सरांना शेजारी बसवलं. मुलीची पाळी आली तशी सरांनी टाय सारखा केला. आपल्यावर वर्ग हसेल, तेव्हा आपणही दिलखुलास हसायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

"माझ्या प्रयोगातली व्यक्ती म्हणजे माझी आई," मुलगी म्हणाली. "सवय म्हणजे दुसऱ्या खोलीतून हाका मारणं. ती जवळ येऊन बोलली, की मी लगेच काम करायचे. तिथूनच ओरडली, तर नाही. आता ती जवळ येऊनच बोलते. तिसऱ्या टप्प्यातही सवय उलटली नाही."

सरांच्या एकदम लक्षात आलं, की घरात कितीतरी दिवसांत कुणी ओरडलेलं नाही. मॅडमनी त्यांना कोपराने ढोसलं. प्रश्न विचारायला हवा होता.

"घरात..." सरांचाही घसा बसल्यासारखा झाला. "घरात दुसरी व्यक्ती नव्हती का?"

"होती, सर. आधी तीच घेणार होते. पण ती मधे आपोआप सुधारली. बक्षिसाशिवायच. म्हणून आईला घेतलं."

"मग?"

"मग परत बिघडली, सर. कारण कळलं नाही."

वर्ग हसला. सरांनी दिलखुलास हसायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

संध्याकाळी ते तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "त्या दिवशी तू काय विचारणार होतीस?"

"काही नाही." ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली. "मावशीच्या गावच्या कॉलेजात पुढच्या वर्षी जाऊ का, ते विचारायचं होतं. आधी दार लावून त्याचाच विचार करत होते. तुम्ही काय म्हणता ते ऐकून ठरवणार होते. मग मावशीशी बोलले. आता ठरलंय, जातेय."

सर पलंगाच्या कडेला बसले. आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं: स्टाफरूम, बाण, शून्य गुण, तिसरा टप्पा, तीन मुद्दे. सांगायला बराच वेळ लागला. ती मधे एकदाही बोलली नाही. शेवटी तिला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे मला तोडून बोललात ते माझ्या मार्कांसाठी?"

"हो ना," सरही हसले. त्यांना फार मोकळं वाटलं.

मुलीचं हसू हळूहळू थांबलं. "आणि बाबा, त्याआधी गप्प बसून ऐकत होता ते?"

"ते खरं होतं," सर घाईने म्हणाले. "म्हणजे आधीचं. अगदी खरं."

"कुठपर्यंतचं?"

सर आठवू लागले. चष्मा पुसत होते तो दिवस नक्की खरा होता. त्याच्या पुढचे काही. पण स्टाफरूममधला तो चहा नेमका कधीचा, आणि त्या संध्याकाळी तिने सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं की नुसतं मोजलं होतं, ते त्यांना काही केल्या सांगता येईना. ती वाट पाहत थांबली होती. मधे बोलत नव्हती.