वर्तुळाचं अंडं झालं त्याची गोष्ट

पाठक सरांना नवं काही चालत नाही असं नाही. फक्त ते आपल्याला विचारून यावं, एवढीच त्यांची अट असते. त्यामुळे सोमवारी सकाळी सईनं, म्हणजे त्यांच्या पुतणीनं, फोन करून "काका, आपल्या साइटवर ग्राफचं बटण टाकलंय, बघून घ्या" असं सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले. ते 'बरं' ऐकून त्यांच्या पत्नी भानुमतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेल्या.

'गणितमित्र' ही साइट सईनंच त्यांना निवृत्तीनंतर करून दिली होती. वैजापूर-सिल्लोडकडची पोरं तिथं अडलेली गणितं टाकायची आणि शहरातल्या पुंडलिकनगरच्या घरात बसून सर ती सोडवायचे. आलेखाचं गणित आलं की घरात सोहळाच असे. सर आलेख-कागद काढायचे, पेन्सिलीला ब्लेडनं टोक करायचे, अर्ध्या तासानं उजव्या कोपऱ्यात प्रमाण, म्हणजे कोणत्या अक्षावर एक सेंटिमीटरला किती एकक, ते लिहून कागद पुढं करायचे आणि भानुमतीबाई फोटो काढायच्या. प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा असे. प्रमाण न लिहिणाऱ्याचा अर्धा गुण सरांनी चौतीस वर्षं कापला होता. त्यातून सख्खा भाचाही सुटला नव्हता.

आता तोच आलेख बटण दाबलं की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हजर. मग आपण कशाला, हा प्रश्न सरांना पडला. त्यांनी तो बोलून दाखवला नाही, पण मनाला लागला. दुपारभर तळमळून झाल्यावर ते बटणाची चूक शोधायला बसले.

संधीही लगेच चालून आली. वैजापूरच्या अकरावीतल्या मोनिकानं विचारलं होतं, x² + y² = 25 चा ग्राफ कसा येतो? सरांनी समीकरण टाकलं, बटण दाबलं. आकडे बारीक दिसत होते, म्हणून बोटानं पडद्यावरचं चित्र जरा वर ओढून मोठं केलं. आकडे ठसठशीत दिसू लागले. पण त्यांच्या मधोमध जे उभं होतं ते बघून सरांना झालेला आनंद त्यांच्या वयाला शोभणारा नव्हता.

"अगं, इकडे ये. हे काय दिसतंय?"

"अंडं," भानुमतीबाई म्हणाल्या. "आपल्या घरात पहिल्यांदाच आलं."

सरांनी त्या चित्राचा फोटो साइटवर टाकला. वर मथळा, 'x² + y² = 25 चा आलेख'. मधे अंडं. खाली तीन परिच्छेद: हे वर्तुळ नव्हे, यंत्रावर विसंबू नये, शिवाय प्रमाण लिहिलेलं नाही, सबब यंत्राचा अर्धा गुण वजा. मग ते समाधानानं चहा प्यायले.

गुरुवारी फोन आला.

"सर, सिल्लोडहून रामकिसन बोलतोय. गोकुळचा बाप."

"बोला."

"पोरगं काल चाचणीत अंडं काढून आलंय."

"म्हणजे?"

"गोल काढायचं व्हतं म्हणं. वर्गातल्या सात जणांनी अंडं काढलं. तिथले सर म्हणले, हे कुणी शिकवलं? तर समदे म्हणले, पाठक सरांनी."

"अहो, मी खाली स्पष्ट लिहिलंय, की हे चूक आहे."

"खालचं कोण वाचतंय सर? तुमचं चित्र हाय म्हणल्यावर पोरं डोळे झाकून उतरवत्यात. आजवर कधी चुकलंच नव्हतं ना."

त्या बोलण्यात राग नव्हता, तेच सरांना जास्त झोंबलं. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "प्रमाण लिहिलं होतं का?"

"व्हय, ते लिवलं. त्याचा अर्धा मार्क मिळाला. तेवढाच मिळाला."

संध्याकाळी सईला बोलावणं गेलं. ती आली तेव्हा सर फोन हातात घेऊन दारातच उभे होते.

"काढून टाक ते बटण. सात पोरांचं नुकसान केलंय त्यानं."

"आधी बघू तर द्या. काका, हे अंडं आडव्या अक्षाला कुठं कापतंय?"

"पाचावर."

"आणि उभ्या अक्षाला?"

"पाचा…" सर थांबले. चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. "पाचावरच."

"तुम्ही पडदा वर ओढला होता का?"

"आकडे बारीक होते."

उभा अक्ष ताणला गेला होता. दोन अक्षांची प्रमाणं वेगळी झाली होती. यंत्रानं काढलेलं वर्तुळ बरोबर होतं. जन्मभर दुसऱ्यांचं प्रमाण तपासणारा माणूस ते बघायचं विसरला होता.

"काका, मी लिहिते ना, तांत्रिक बिघाड होता म्हणून," सई हळूच म्हणाली. "कुणाला कळायचं नाही."

सरांना मोह झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

"कुणाला कळायचं नाही, पण त्या सात पोरांना वर्तुळही कळायचं नाही," ते म्हणाले आणि स्वतःच टाइप करायला बसले. 'चूक बटणाची नव्हती. माझी होती. बोटानं पडदा ओढल्यामुळे प्रमाण बदललं आणि मी ते पाहिलं नाही. तुम्हीही ओढून पाहा, म्हणजे काय होतं ते कळेल.' या वेळी खाली एकही परिच्छेद नव्हता.

नंतरचे दोन दिवस साइटवर एकही प्रश्न आला नाही. पोरं आपापले आलेख बटण दाबून काढत होती. सर दर तासाला बघत आणि फोन उपडा ठेवत. विश्वास गेला तो गेला, आणि गरजही संपली, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. त्यांना फार वाईट वाटत होतं.

रविवारी दुपारी मोनिकाचा निरोप आला.

'सर, मी ओढून बघितलं. ओढलं की अंडं, सोडलं की गोल. समीकरण तर तेच राहतंय. माझ्या फोनवर येगळं, दादाच्या टॅबवर येगळं. मंग खरं गोल नेमकं कुठं असतंय? फोनात, कागदावर, का नुसतं समीकरणात?'

खाली गोकुळनं लिहिलं होतं, 'मला बी हेच विचारायचं व्हतं.' त्याच्याखाली आणखी पाच जण.

सरांनी उत्तर द्यायला बोट उचललं. एवढ्या वर्षांत हजारो प्रश्न आले, पण प्रत्येकाच्या मागं 'किती मार्काला?' असायचं. हा प्रश्न कुठल्याच पेपरात येणार नव्हता. त्यांनी लिहिलं, 'मला नक्की माहीत नाही. विचार करतो. तुम्हीही करा.'

"अहो, पानं वाढलीत," भानुमतीबाई म्हणाल्या.

"थांब जरा. वैजापूरच्या पोरीनं अडवलंय मला," सर म्हणाले, आणि हे सांगताना ते इतके खूश दिसत होते की भानुमतीबाई पानांवर ताटं झाकून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.