भागाक्का सुईणीनें महाराजांची मोहीम थांबविली त्याची हकीकत

कुलस्वामिनी साक्ष. पाळणा हलविणारीस प्रथम वंदन, मग तलवार चालविणारास. शके सोळाशें बावन्न, साधारण नाम संवत्सर, श्रावणमासीं राजधानीस जें घडलें तें सांगतों. दौलत थोर, गड सव्वीस, आणि भागाक्का म्हणोन सुईण होती, वय साठीपुढें, तोंडाची फटकळ, आणि हातास यश ऐसें कीं तिचे हातीं न उपजलेला शिपाई फौजेंत धुंडून काढावा लागे! तों बाईसाहेबांचे लग्नास पांच वर्षें जाहलीं, कूस उजवली नाहीं, मग कारभाऱ्यांनीं महाराजांस दुसरी वधू पाहून ठेविली आणि भागाक्कास आज्ञा केली कीं दोष बाईसाहेबांचा ऐसें भर दरबारांत सांगावें. अक्का आधीं महालीं गेली. बाईसाहेब रडत बोलल्या, "अक्का, सवत आली तर ह्या घरांत मी कोण?" अक्का म्हणाली, "डोळे पुसा. महाराज घरीं केव्हां असतात, तेवढें सांगा." "आषाढापासोन दसऱ्यापावेतों. शिलंगण जाहलें कीं मोहीम, ती उन्हाळा सरे तों." हें ऐकोन अक्कानें पदर खोचला आणि तडक दरबारांत उभी राहिली.

म्हणाली, "चाळीस वर्षें नाळ कापितें आहें. ह्या मुलखीं बारशांची गर्दी श्रावण-भाद्रपदांत. तेथून नऊ महिने मागें मोजा, कार्तिक-मार्गशीर्ष येतो. त्या थंडींत दिवस लौकर राहतात. एरवीं राहत नाहींत ऐसें नव्हे, वाट अधिक पाहावी लागते. आणि नेमके तेव्हां महाराज तंबूंत! पांच वर्षांत एक हिवाळा बाईसाहेबांस दिला नाहीं, आणि दोष त्यांचा? महाराज, यंदा शिलंगण करोन माघारीं यावें." सेनापति तडकले, "महाराज घरीं बसले तर शत्रू हांसेल!" अक्का म्हणाली, "हांसूं द्या. तोही तंबूंतच, त्याचाही पाळणा रिकामाच असेल." मग महाराज पोट धरोन हांसले, आणि पौषापावेतों लग्न तहकूब करोन फौज सेनापतींबरोबर धाडिली.

कार्तिक कोरडा गेला. कारभारी मिशींत हांसों लागले आणि अक्कास अन्न गोड लागेना. मार्गशीर्ष सरला, आणि पौषाचे दुसरे आठवड्यांत अक्का महालांतून बाहेर आली ती ओरडतच, "राहिले! वधूचे बापास निरोप धाडा, दुसरा जांवई पाहा म्हणावें!" पुढें भाद्रपदांत कन्या जाहली, महाराजांनीं सव्वीसही गडांवर तोफा सोडविल्या, आणि अक्कास म्हणाले, "मागाल तें देतों."

अक्का म्हणाली, "मज कांहीं नको. आपले शिपायांच्या किती बायका वांझ म्हणोन माहेरीं धाडिल्या, आणि त्यांचे नवरे एक हिवाळा घरीं नाहींत. त्या नवऱ्यांस पाळीपाळीनें हिवाळ्यांत घरीं सोडावें." हें दरबारांत कोणाचे ध्यानींच आलें नव्हतें. महाराजांनीं तत्काळ हुकूम दिला. आणि पहिला अर्ज आला तो कारभाऱ्यांचा, कारण त्यांचा जांवई फौजेंत होता आणि लेक दोन वर्षें माहेरीं बसली होती.

येणेंप्रमाणें भागाक्कानें फौज घरीं धाडिली आणि राज्य वाढविलें. पाहिलें तैसें लिहिलें, अधिकउणें कांहीं नाहीं.