सुमन सिस्टरांचं ‘कारण?’

सेलूच्या आमच्या वाचनालयात सुमन सिस्टरांच्या लाल पेनातून एकही राक्षस सुटलेला नाही. जादूच्या कादंबऱ्या त्या अधाशासारख्या वाचत आणि समासात लिहून ठेवत, ‘कारण?’ घोडा उडतो याला त्यांची हरकत नसे. “उडू द्या की! पण उडता घोडा दावणीला असताना हा बाबा तीनशे पानं पायी का चालायलाय, ते लिवा.”

ग्रंथपाल वैतागून म्हणत, “सिस्टर, पुस्तक खराब होतंय.”

“ते आधीच खराब हाय. मी फक्त निदान केलंय.”

सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या सिस्टर माझ्या शेजारी एकट्याच राहतात. मी शाळामास्तर. मीही एक जादूची कादंबरी लिहिली आणि पहिली प्रत, जरा घाबरतच, त्यांना दिली. चार दिवसांनी त्या हजर.

“सर, तुमच्या वैदिणीकडं मेलेलं उठवणारी मुळी हाय. तिसऱ्या प्रकरणात तिनं हरीण उठवलं. मग शेवटी पोटची लेक मरायलीय, तवा मुळी का दिली न्हाई?”

खरं म्हणजे हे भगदाड मला दिसलंच नव्हतं. मी ठोकून दिलं, “ती मुळी एकदाच मिळते.”

“मग पुस्तकात लिवा की! मला चहावर सांगून काय फायदा? वाचणाऱ्याच्या घरोघर जाणार हाव का?”

आठवडाभर हाच विषय. मग वाचनालयात माझ्या पुस्तकावर चर्चा ठेवली होती, तिथंही त्या उभ्या राहिल्या. चार माणसांत हसं नको म्हणून मीच हशा पिकवला. “विसरली असेल हो सिस्टर! वय झालं वैदिणीचं.”

सगळे हसले. सिस्टर खाली बसल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. आठ दिवसांनी मीच गेलो. त्यांनी चहा टाकला आणि माझ्याकडं पाठ करूनच बोलल्या.

“माझ्या भावाला साप चावला होता, सर. त्याला आमच्याच दवाखान्यात आणलं. इंजेक्शन कपाटात, किल्ली माझ्याजवळ, अन् मी तांड्यावर. बाळंतीण अडली होती. ती वाचली, लेकरू बी वाचलं. मी परत आले तवर भाऊ गेला होता.”

चहा उतू चालला होता. त्यांनी गॅस बंद केला.

“गावात अजून सांगतेत, सिस्टर होती, औषध होतं, तरी भाऊ मेला. मधलं बाळंतिणीचं कुणी सांगतच न्हाई. कुणी म्हणतेत, इसरली असंल.”

मी माफी मागितली, पण ती फार तोकडी पडली.

दुसऱ्या दिवशी मी सहा ओळी लिहिल्या. मुळी जन्मात एकदाच हाती लागते, ती हरणासाठी खर्ची पडली, आणि लेकीसाठी वैदिणीनं सगळं रान पालथं घातलं. तो कागद त्यांच्या प्रतीत चिकटवून दिला. सिस्टरांनी दोनदा वाचलं.

“म्हंजी तिच्याजवळ नव्हतीच.”

“नव्हतीच.”

“बाकीच्या पुस्तकांत बी लिवलं का?”

बाकीच्या प्रती कधीच वाटून झाल्या होत्या. “पुढच्या आवृत्तीत,” मी म्हणालो. ती निघणार नाही, हे प्रकाशकानं मला कळवलं होतं.

“लवकर काढा, सर,” त्या म्हणाल्या. “लोक वाचायलेत.”